वालाचे वाफे आणि एक्स ग्रेशिया

२५ जानेवारी, रविवार, संध्याकाळ. रक्कम रुपये अकरा हजार एक, चेकने. हजर: सोसायटीचे चेअरमन, सेक्रेटरी, खजिनदार म्हणून मी, चौथ्या मजल्यावरच्या वकीलबाई, पोपटीसाठी, म्हणजे मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगांसाठी, मागच्या अंगणात जमलेली तीसेक कुटुंबं, आणि जिच्या नावाने चेक काढला होता ती मावशी. चेक स्वीकारला गेला नाही.

तसा चेक परत येणं ही माझ्या कामात मोठी गोष्ट नाही. सही जुळत नाही, तारीख चुकते, तो परत येतो. हा मात्र बँकेत गेलाच नव्हता. टेबलावरचा टेबलावरच राहिला होता, आणि त्याचं कारण मला त्या दिवशी नीट लिहिता आलं नाही.

आमची इमारत उभी आहे ती जमीन पूर्वी या मावशींच्या घरची. भाताची खाचरं होती. बिल्डरला दिली, इमारत झाली, आम्ही कुठून कुठून येऊन राहायला लागलो. मागच्या भिंतीपलीकडे नऊ गुंठ्यांची एक पट्टी तेवढी त्यांनी ठेवली. पावसाळ्यात भात, भात कापलं की त्याच ओलीवर वाल. मावशी लुगडं खोचून हातात कोयता घेऊन तिथे दिसतात, त्यामुळे नव्या माणसाला वाटतं, गरीब बाई आहे. त्यांचं घर तीन मजली आहे. मुलाचे चार डंपर आहेत, सून महापालिकेत नोकरीला आहे. आमच्या सोसायटीत निम्म्यांचे हप्ते अजून चालू आहेत, मावशींच्या घरावर एक रुपयाचं कर्ज नाही. हे मला ठाऊक होतं, कारण गेली सहा वर्षं पोपटीच्या शेंगा मीच त्यांच्याकडून घेतो.

त्यांच्याकडून शेंगा घेण्याची एक पद्धत आहे. काटा त्या स्वतः धरतात. दहा किलो म्हणजे दहा किलो, पारडं सरळ होईपर्यंत एक-एक शेंग टाकतात किंवा काढतात. आपण म्हटलं, "असू द्या मावशी, चालेल," तर ऐकत नाहीत. पारडं स्थिर झालं, पैसे हातात आले, की मग दोन्ही हातांची ओंजळ भरून वर घालतात. त्या ओंजळीचं वजन करत नाहीत आणि तिच्याबद्दल बोलतही नाहीत.

डिसेंबरच्या मध्यावर त्या आमच्या गेटवर आल्या. मी ऑफिसला निघालो होतो.

"भाऊ, तुमचं पाणी आमच्या वालान शिरलंय."

"कुठलं पाणी?"

"कुठलं काय, वास घेऊन बघ."

मी भिंतीला वळसा घालून गेलो. आमच्या सांडपाण्याची मुख्य लाइन भिंतीखालून जाते, तिचा जोड सुटला होता. पाणी किती दिवस जात होतं कोण जाणे. भिंतीला लागून असलेले सात वाफे काळ्या चिखलात उभे होते. वाल फुलावर आला होता आणि पानं खालून पिवळी पडत होती.

"ओसरेल की पाणी," मी म्हटलं.

"वाल काय भात हाय, पाण्यान उभा ऱ्हायला? मूळ कुजलं त्याचं."

त्यांचा मुलगा बांधावर उभा होता. पांढरा शर्ट, हातात गाडीची किल्ली. तो माझ्याशी नाही, आईशीच बोलला, पण मला ऐकू जाईल असं.

"किती सालं झाली सांगतोय, सोड हे. रोडच्या बाजूने गाळे काढू, भाडं येईल. आता तर मोरीचं पाणी पण यायला लागलं. कोण खाईल तुझे वाल?"

"हे सगले खातात," मावशी माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या.

"खातात तेच सोडतात." मग तो माझ्याकडे वळला. "सर, तुमच्याकडून काय होणार असेल तर करा. नायतर मार्चमध्ये मी भराव टाकतो. दोन दिवसांचं काम हाय."

त्याने हे रागाने म्हटलं नव्हतं. डंपर त्याचे, माती त्याची, दोन दिवस हा अंदाजही बरोबर होता. मावशी वाकल्या, एक रोप उपटून मूळ दोन बोटांत चिरडून पाहिलं आणि टाकून दिलं. तेवढ्यावरून मला कळलं की या मायलेकांचं हे बोलणं जुनं आहे आणि आमच्या पाण्याने मुलाचं पारडं जड केलं आहे.

नुकसानीचा आकडा मावशींनी तिथेच सांगितला. वाफ्याला पंधरा किलो शेंग, सात वाफे, ऐंशीचा भाव. मी मनात केलं: एकशे पाच किलो, आठ हजार चारशे रुपये. त्यांच्या तोंडीही तोच आकडा आला. पुढे त्या म्हणाल्या, "अन् पाइप नीट बसवा. पैशाचं नंतर बघू."

प्लंबरने त्या दिवशी जोडावर रबरी ट्यूब गुंडाळून तार आवळली. पाणी थांबलं असं नाही, कमी झालं. पूर्ण लाइन बदलायची तर खोदकाम धरून सव्वीस हजार पाचशे, असं त्याने सांगितलं.

कमिटीची सभा माझ्याच घरी झाली. चेअरमन बँकेतून निवृत्त झालेले, सावध गृहस्थ. सेक्रेटरी तिशीतला, आयटीतला, कामाला तत्पर. वकीलबाई कमिटीवर नाहीत, पण सल्ला लागला की आम्ही त्यांना बोलावतो आणि चहावर भागवतो.

"पैसे द्यायला माझी ना नाही," चेअरमन म्हणाले. "पण नुकसानभरपाई म्हणून दिले की चूक मान्य केली असं होतं. उद्या ती म्हणेल, विहीरही तुमच्यामुळे नासली. परवा मुलगा म्हणेल, जमिनीची किंमत पडली."

वकीलबाईंनी तेव्हा तो शब्द काढला. "मग एक्स ग्रेशिया द्या."

सेक्रेटरीने विचारलं, "म्हणजे नक्की काय? बातम्यांत ऐकतो."

"मूळ लॅटिन. एक्स म्हणजे च्या पोटी, ग्रेशिया म्हणजे कृपा, मेहरबानी. कायद्याने देणं लागत नसताना आपणहून दिलेली रक्कम. दिली म्हणून चूक मान्य केली असं होत नाही, आणि पुढच्या वेळी मागायचा हक्कही तयार होत नाही. पत्रात तसं एक वाक्य घालायचं, तिची सही घ्यायची, विषय संपला."

मला त्या शब्दाचा अर्थ विचारावा लागला नाही. मी तळोज्याच्या एका कारखान्यात अकाउंट्स बघतो. कायद्याचा बोनस ठरावीक पगारापर्यंतच्या लोकांना असतो. पगार त्यावर गेला की दिवाळीला कंपनी जे देते ते एक्स ग्रेशिया. माझा पगार ती रेषा ओलांडून गेला त्या वर्षी मी पेढे वाटले होते. पुढे सात-आठ दिवाळ्या रक्कम येत राहिली आणि आम्ही ती घरखर्चात धरायला लागलो. मग एका वर्षी ती आली नाही. मी वॉशिंग मशीन आधीच घेऊन बसलो होतो. साहेबांना विचारलं, तर ते अगदी सौम्यपणे म्हणाले, "अहो, तुम्हीच एंट्री करता. खात्याचं नाव काय आहे?" बोनस थकला असता तर युनियन तरी गेटवर उभी राहिली असती. मेहरबानी थकली तर कोणाकडे जायचं, याची सोय कुठेच नाही.

तरी मी त्या शब्दाला वाईट म्हणणार नाही. आपल्याकडे सरकारी कागदात त्यालाच सानुग्रह म्हणतात. वीज पडून कोणाचा बैल मेला, तर वीज काही सरकारने पाडलेली नसते. पैसे दिले जातात. ज्याची चूक नाही तोही हात पुढे करतो, तिथे हा शब्द शोभतो.

सभेत मी यातलं काही बोललो नाही. हिशेबाच्या दृष्टीने खातं सोपं होतं, सर्वसाधारण सभेचा ठराव लागत नव्हता. रक्कम आठ हजार चारशे ठेवावी एवढंच मी म्हटलं. चेअरमन म्हणाले, "कृपा म्हणायची आणि चारशे मोजायचे? शोभत नाही. अकरा हजार करा." आणि थोडं थांबून, "वर एक रुपया घाला. शुभ असतो." एकंदर दोन हजार सहाशे एक रुपये जास्त जात होते आणि सगळ्यांना बरं वाटत होतं.

लाइन बदलण्याचा विषय पुढच्या महिन्यावर गेला.

सत्काराची कल्पना सेक्रेटरीची. पोपटी होतीच, मावशी मडकी लावायला दरवर्षी येतातच, मग तिथेच चेक देऊ, शाल-श्रीफळ देऊ, फोटो काढू. कोणालाही त्यात काही खटकलं नाही. आपल्याकडे कोणाचं काय करायचं सुचलं नाही की शाल आणि नारळ आणतात. ज्या बाईच्या शेतात आपण मोरीचं पाणी सोडलं तिचाही सत्कार होऊ शकतो, हे आम्हाला अगदी सरळ वाटलं.

पोपटीच्या शेंगा त्या वर्षी आपटा गावाकडून आणल्या होत्या. मावशींनी एक शेंग मोडून पाहिली, "बरी हाय," म्हणाल्या आणि कामाला लागल्या. मडक्याच्या तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर शेंगा, बटाटे, अंडी, ओवा-मीठ, पुन्हा पाला. पाण्याचा थेंब नाही. तोंड पाल्याने गच्च बंद करून मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा-लाकडं पेटवायची. जाळ लागल्यावर सेक्रेटरीने माइक घेतला.

तो चांगलं बोलला. मावशी आपल्या शेजारी, आपली माणसं, भूमिपुत्र वगैरे. चेअरमननी शाल घातली, नारळ दिला. मग सेक्रेटरीने सहीसाठी पत्र पुढे केलं आणि नियमाप्रमाणे वाचून दाखवलं: कोणतीही जबाबदारी न स्वीकारता, केवळ एक्स ग्रेशिया म्हणून.

"ते शेवटचं काय बोललास, बाबा?" मावशींनी विचारलं.

"म्हणजे प्रेमाने, मावशी. आमच्याकडून भेट."

त्यांनी वकीलबाईंकडे पाहिलं. वकीलबाई खोटं बोलत नाहीत. "मराठीत सानुग्रह म्हणतात," त्या म्हणाल्या.

"असं बोला ना. सानुग्रह आमच्या घरान येतो दिवाळीला. सुनेला, पालिकेतून." मावशींचा चेहरा उजळला, मग त्यांनी विचार केला. "पण ती वर्षभर राबते तवा येतो. खूश होऊन देतात. मी तुमचं काय काम केलं?"

कोणीतरी मागून म्हणालं, "पोपटी लावता की, मावशी." लोक हसले. त्याही हसल्या.

"पोपटी मी माझ्या हौसेनं लावतंय. तिचं नको. माझं सात वाफं जेलं, ते कशान धरलं तुमी?"

"त्याचेच आहेत हे," चेअरमन म्हणाले. "उलट जास्तच आहेत."

"मग जबाबदारी नाय असं कनाला लिवलंय?"

चेअरमन म्हणाले, "ती कायद्याची भाषा असते, मावशी."

"असंल. पाइप कोनाचा, ते बोला. कायद्यान नको, तोंडान बोला."

आम्ही चौघे तिथे उभे होतो आणि चौघांनाही उत्तर ठाऊक होतं. कोणी दिलं नाही. सहीच्या कागदात जे नाकारलं होतं ते माइकवर कबूल कसं करायचं, असा तो पेच होता. मावशींनी शाल काढली, घडी घालून चेकवर ठेवली. नारळ ठेवून घेतला. "नारलाला नाय बोलत नाय," एवढं म्हणाल्या.

त्या निघून जातील असं मला वाटलं. गेल्या नाहीत. मडक्यापाशी जाऊन उकिडव्या बसल्या, थोड्या वेळाने मडक्यावर पाणी शिंपडून पाहिलं. पाणी चर्र करून उडालं तेव्हा म्हणाल्या, "झाली. काढा." मडकी पुरी उतरवून दिल्यावरच घरी गेल्या. स्वतः काही खाल्लं नाही.

दुसऱ्या दिवशी मी भिंतीपलीकडे जाऊन आलो. तार ढिली झाली होती, चिखल आठव्या वाफ्याकडे सरकत होता. उभ्या-उभ्या मला एक साधी गोष्ट लक्षात आली. ही लाइन बदलायची तर मला सव्वीस हजार पाचशेचं व्हाउचर करावं लागेल आणि त्यात कारण लिहावं लागेल. आदल्याच दिवशी आम्ही लिहून दिलं होतं की आमच्याकडून काही झालेलं नाही. ज्याच्याकडून काही झालं नाही तो पाइप कशासाठी बदलेल? महिनाभर तो विषय पुढे का जात होता ते मला तेव्हा कळलं. कोणी मुद्दाम टाळलं नव्हतं. कृपा केली की काम झाल्यासारखं वाटतं, एवढंच. आणि मार्च पाच आठवड्यांवर होता.

मावशींचीही भीती हीच असणार. अकरा हजार एक घेऊन त्या घरी गेल्या असत्या, तर मुलगा म्हणाला असता, बघ, पाणी यायचं थांबणार नाही, ते लिहून देतायत. आणि तो खरं बोलला असता.

मी कमिटीला सांगितलं की ते पत्र आणि हे व्हाउचर, अशा दोन्ही कागदांवर मी सही करू शकत नाही. एकतर पाइप आपला नाही म्हणा आणि दुरुस्ती विसरा, नाहीतर पाइप आपला म्हणा आणि दोन्ही पैसे त्याच कारणाने द्या.

"उद्या दहा जण उभे राहतील," चेअरमन म्हणाले.

"भिंतीपलीकडे एकच शेत आहे. आणि पाइपही एकच."

ते वकीलबाईंकडे वळले. त्या म्हणाल्या, "मी तुम्हाला यातून सुटायचा सल्ला दिला होता. तो आजही बरोबर आहे. सुटायचं का, ते तुम्ही ठरवा."

८ फेब्रुवारीला खास सर्वसाधारण सभा घेतली. दीड तास चालली. त्यातला तासभर पार्किंगवर गेला. ठराव चेअरमननीच मांडला, हे नमूद करायला हवं. मजकूर मी लिहिला होता: सोसायटीच्या सांडपाण्याच्या लाइनचा जोड सुटून शेजारच्या शेतातील वालाच्या सात वाफ्यांचे नुकसान झाले, त्याची भरपाई द्यावी व लाइन बदलावी. रकमेबद्दल एकाने विचारलं, अकरा हजारांवरून खाली का आलो. मी म्हटलं, नुकसान तेवढंच आहे. तिघांनी विरोधात हात वर केले, ठराव मंजूर झाला.

खोदकामाला तीन दिवस लागले. नवी लाइन टाकून, पाणी सोडून, रात्रभर ठेवून पाहिली. सकाळी भिंतीपलीकडची माती कोरडी होती. मग चेअरमन आणि मी चेक घेऊन मावशींकडे गेलो. शाल नेली नाही.

त्या शेतातच होत्या, भिंतीपासून लांबच्या वाफ्यांवर शेवटच्या शेंगा तोडत. मुलगाही आला होता. चेअरमन बांधावर उभे राहिले, घसा साफ केला आणि म्हणाले, "मावशी, पाइप आमचा होता. चूक आमची."

"बरं," मावशी म्हणाल्या. एवढंच. चेकवरचा आकडा त्यांनी मुलाकडून वाचून घेतला. आठ हजार चारशे ऐकून मान हलवली.

मुलाने नव्या लाइनचं झाकण बुटाने दाबून पाहिलं. "काम बरं केलंय," तो मला म्हणाला. मग आईला, "या साली राहू दे. पुढच्या साली बघू."

"बघ, बघ," मावशी म्हणाल्या. हे त्यांनी आधीही बरेचदा म्हटलं असावं.

मी घरासाठी दोन किलो शेंगा मागितल्या. त्यांनी काटा धरला. एक शेंग जास्त झाली ती काढली, पारडं सरळ झालं. मी पैसे दिले. मग त्यांनी ओंजळ भरून पिशवीत घातली, आणि सहा वर्षांत पहिल्यांदाच तिच्याबद्दल बोलल्या.

"ही सानुग्रह. लिवून घे तुझ्या वहीन."

चेअरमन हसले. मी ते कुठे लिहिलं नाही, त्याला खातं नाही. बाकीचं लिहिलेलं असं: नुकसानभरपाई, वालाचे सात वाफे, मावशींना, रुपये आठ हजार चारशे. सांडपाण्याची लाइन बदलणे, प्लंबरला, रुपये सव्वीस हजार पाचशे. अकरा हजार एकचा चेक रद्द. आणि माझ्या खिशातून, दोन किलो शेंगांचे, मावशींनाच, एकशे साठ रोख.